कापसातला समुद्र

आमच्या गल्लीत सकाळी दोन माणसं समोरासमोर आली की एक जण म्हणतो, "काय म्हनता?" आणि दुसरा म्हणतो, "बस, चालू हाय." ताकसांडे काकांना "काय म्हनता?" विचारलं की ते म्हणतात, "पंचवीस पॉइंट चार."

नव्या माणसाला वाटतं, रक्ताच्या तपासणीतलं काही असेल. काकांचं वयही तसंच, सत्तरीला टेकलेलं. तो बिचारा आवाज खाली आणून विचारतो, "गोया चालू हायत ना?" काका तितक्याच गंभीरपणे सांगतात, "गोया नाई. हीटर चालू हाय." आणि पुढे निघून जातात.

हे तापमान काकांच्या बैठकीतल्या समुद्राचं असतं. आता आमच्या सिंदी रेल्वे गावाहून पूर्वेला निघा की पश्चिमेला, समुद्र बघायचा तर एक रात्र गाडीतच काढावी लागते. काकांच्या घरी मात्र तो चपला काढल्या काढल्या लागतो. चार फुटांची काचेची टाकी आहे, त्यात खारं पाणी, दगड, दगडांवर प्रवाळ, नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांच्या माशांची एक जोडी आणि एक निळा मासा. निळा मासा कोणाशी बोलत नाही. प्रवाळ म्हणजे झाड, असं कोणी म्हटलं तर काकांना राग येतो. "झाड नाई, जनावर हाय," ते सांगतात. "लय नाजूक जनावर. दोन डिग्रीनं थंडी वाढली तं माना टाकते." त्याला मान कुठे असते, हे मी अजून विचारलेलं नाही.

टाकी भिंतीला लावून ठेवायची सोडून काकांनी खोलीच्या मधोमध ठेवली आहे. आल्यागेल्याला तिला वळसा घालूनच खुर्ची गाठावी लागते, त्यामुळे काकांकडे चहा प्यायला गेलेल्या माणसाला अर्धी प्रदक्षिणा आपोआप घडते. शिवाय काका टाकीची पुढची काच पुसतात तशीच मागचीही पुसतात, रोज, मऊ फडक्याने. मागच्या काचेतून बघायला तिकडे कोणी नसतं. मी एकदा तसं म्हटलंही. काका म्हणाले, "सफाई दोन्हीकून असते मॅडम." मी शाळेत शिकवते, त्यामुळे मला सुविचार ऐकून गप्प बसायची सवय आहे.

या माणसाने पाणी पाळावं हीच मुळात नवलाची गोष्ट आहे. काकांची सारी नोकरी कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर म्हणून झाली. शेतकऱ्याची गाडी समोर उभी राहिली की कापसात कोपरापर्यंत हात घालायचा, तळातून मूठभर काढायचा, दोन अंगठ्यांत धरून धागा ताणायचा, मग एक सरकी दाताखाली धरायची. कट्‌ आवाज आला तर कापूस कोरडा. नाही आला तर काका दोनच शब्द बोलायचे, "ओल हाय." त्या दोन शब्दांनी कापूस एक नंबरचा दोन नंबर व्हायचा. गाडीवाला रडो, ओरडो, की पाया पडो, काका पुढच्या गाडीत हात घालून मोकळे. तीस वर्षं माणूस ओलीशी भांडला आणि निवृत्त झाल्यावर त्याने बैठकीत तीनशे लिटर पाणी आणून ठेवलं.

ग्रेड द्यायची सवय काही गेली नाही. लग्नाच्या पंगतीत वरण वाढलं की काका पहिला घास घेऊन म्हणतात, "दोन नंबर." माझ्या पोह्यांना गेल्या सहा वर्षांत एकदाही एक नंबर मिळालेला नाही. "चव बरी हाय," काका म्हणतात, "पन ओल हाय." पोह्यांना ओल नसली तर ते चिवडा होतात, हे मी त्यांना सांगितलं. "मंग चिवडा करत जा," असं उत्तर मिळालं.

या दोन शब्दांपायी काकांचं शेजारच्या मारोतराव झाड्यांशी अकरा वर्षं वाकडं होतं. दोघांची भिंतीला भिंत आहे. त्या वर्षी मारोतरावांनी गाडी भरून कापूस नेला. ग्रेडर आपला शेजारी आहे, मग काळजी कशाची, म्हणून बायकोला सांगून गेले, "आज काई पाहाच लागत नाई." काकांनी कोपरापर्यंत हात घातला, सरकी चावली आणि म्हणाले, "ओल हाय." तेव्हापासून मारोतराव त्यांना ओलसाहेब म्हणतात, तेही पाठीमागे. तोंडावर काहीच म्हणत नाहीत. माझं घर दोघांच्या समोर, म्हणून निरोप माझ्यामार्फत जातात. "मॅडम, त्याईले सांगा, त्याईची मांजर आमच्या टाकीकडे पाहून राह्यली." मी रस्ता ओलांडून सांगते. "त्याईले सांगा, मांजर हाय, ते पाहीनच." मी परत रस्ता ओलांडते.

टाकी खरं म्हणजे काकांच्या मुलीची, प्रज्ञाची. ती पुण्यात नोकरीला होती तेव्हा तिने ही हौस केली. काकू गेल्यावर दोन वर्षांनी तिला कॅनडात एका दवाखान्यात काम मिळालं. समुद्र काही विमानात नेता येत नाही. तिने तो एका टेम्पोत घालून सिंदीला आणला, बाबांच्या बैठकीत मांडून दिला, एक वही भरून सूचना लिहून दिल्या, समोरच्या भिंतीवर एक लहानसा कॅमेरा बसवला आणि सांगितलं, "सहा महिने सांभाळा बाबा, मग मी काहीतरी बघते." त्याला आता पाच वर्षं होतील. कॅमेरा कशाला, असं गल्लीने विचारलं तर काका म्हणाले, "चोराचिलटासाठी." वर्धा जिल्ह्यात अजून तरी कोणी प्रवाळ चोरलेलं ऐकिवात नाही.

आणखी एक गोष्ट गल्लीला माहीत होती. रोज सकाळी साडेआठच्या आत काका अंघोळ करून, इस्त्रीचा पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून, केसांना तेल लावून भांग पाडून तयार होतात. कुठेही जायचं नसतं. दार लोटून ते टाकीमागच्या स्टुलावर पाच-सात मिनिटं न हलता बसतात. खिडकीतून कोणी हाक मारली तर ओ देत नाहीत. गल्लीचं म्हणणं पडलं की काका ध्यान करतात. म्हातारपणी माणूस शांत होतोच, असं मारोतराव म्हणाले, आणि यांनी जरा आधी व्हायला पाहिजे होतं, असंही म्हणाले.

यंदाच्या जानेवारीत थंडी अशी पडली की आमच्या शाळेतली पोरं उन्हाच्या पट्ट्याबरोबर सरकत सरकत मैदानाच्या दुसऱ्या टोकाला पोचायची आणि मी फळा घेऊन त्यांच्यामागे. आम्हा विदर्भाच्या माणसांना उन्हाळ्याचं काही वाटत नाही, पण थंडी आली की आम्ही पाहुणा बिनबोलावता आल्यासारखे बावचळतो. काकांनी टाकीला आधी चादर गुंडाळली, मग घोंगडी. काकूंची जुनी शाल शेवटी निघाली, तिची घडी मात्र त्यांनी टाकीवर ठेवून परत उचलली आणि कपाटात ठेवली. थर्मामीटर एकाचे तीन झाले. गल्लीतून जाताना काका दिसले की आपण विचारायच्या आत आकडा यायचा.

एका बुधवारी सकाळी दहाच्या सुमाराला आभाळ भरून आलं आणि गारा पडल्या. हरभऱ्याएवढ्या सुरू झाल्या आणि बोराएवढ्या होऊन थांबल्या. त्यात सिंदीबाहेर कुठेतरी बाभळीचं झाड तारांवर आडवं झालं आणि गावाची लाइट गेली. संध्याकाळशिवाय येत नाही, असं कळलं. शाळा सोडून दिली होती. मी घरी पोचते तर काका ओट्यावर उभे. मी काही विचारलं नाही. ते म्हणाले, "चोवीस पॉइंट सहा."

इन्व्हर्टर होता, पण तो पाणी फिरवायचा पंप तेवढा ओढायचा. हीटरचा भार त्याला झेपत नव्हता. काकांनी प्रज्ञाची वही उघडली. त्यात एका पानावर लाल शाईने लिहिलं होतं, की तेवीसच्या खाली जाऊ देऊ नका, आणि खाली दोन रेघा मारल्या होत्या. काकांचा हात त्या रेघांवरून पुन्हा पुन्हा फिरत होता. 

मी घरोघर सांगून आले. आमच्या गल्लीत अजून चार-पाच घरी बंब आहेत, कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या जाळून पाणी तापतं. अर्ध्या तासात बाया गरम पाण्याच्या बाटल्या घेऊन हजर झाल्या. थंड पेयांच्या रिकाम्या बाटल्या गरम पाण्याने भरायच्या, बूच घट्ट लावायचं आणि टाकीत तरंगत सोडायच्या, असं वहीतच लिहिलं होतं. काका प्रत्येक बाटलीला कोपर लावून बघत होते. सवयीने त्यांनी दोन बाटल्या परतही केल्या.

एवढ्यात मारोतरावांच्या सौभाग्यवती, सुमनबाई, तांब्याची कळशी घेऊन आल्या. मारोतरावांचं त्या घराशी बोलणं नव्हतं, सुमनबाईंना मात्र कोणी बोलू नका म्हणून सांगितलेलं नव्हतं. कळशी त्यांनी सरळ टाकीवर धरली. "वतू का जी? मस्त कढत हाय."

काका ओरडले. मी त्यांना ओरडताना त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. "थांबा! तांबं हाय ते! तांब्यानं मरते हे लेकरं!"

सुमनबाईंचे हात जागच्या जागी थांबले. "तांब्याचं पानी तं चांगलं रायते," त्या दुखावून म्हणाल्या. "आमचे मालक रोज पेते सकायी."

"त्याईले चालते," काका म्हणाले. "याईले नाई चालत."

त्यानंतर बूच न लावलेलं बंबाचं पाणी खोलीत आणायचं नाही असा नियम झाला. मी दाराशी उभी राहून बुचं तपासत होते. तरीही दोन वाजेपर्यंत काटा तेवीस पॉइंट तीनवर आला. बाटल्या दहा मिनिटांत गार व्हायच्या. खोलीच गारठली होती, तर पाणी काय करील? प्रवाळांनी अंग आक्रसून घेतलं होतं. सुमनबाई ज्याला गोबी म्हणतात ते प्रवाळ तर मुठीसारखं मिटलं होतं. निळा मासा दगडाच्या कपारीत जाऊन बसला. काका म्हणाले, "आता प्रज्ञाले काय सांगू?" आणि स्टुलावर बसले.

तेव्हा दारात मारोतराव दिसले. पाठीवर चादरीचं भलंमोठं गाठोडं, त्यावर भुरभुर पावसासाठी प्लास्टिकचा ताव. अकरा वर्षांनी त्या उंबरठ्यावर उभे होते, पण बोलले माझ्याशीच. "मॅडम, त्याईले सांगा, कापूस हाय. भाव नाई म्हनून दिवायीपासून घरातच भरून हाय. त्या खोलीत थंडी शिरत नाई. मांजर तिथंच झोपते."

काका चार फुटांवर होते. मी मान वळवून म्हटलं, "कापूस आहे म्हणतात."

काका उठले. मारोतरावांनी गाठोडं खाली ठेवलं. आणि मग, माझ्या डोळ्यांदेखत, काकांनी त्या गाठोड्यात कोपरापर्यंत हात घातला, तळातून मूठभर कापूस काढला, दोन अंगठ्यांत धरून ताणला आणि एक सरकी दाताखाली धरली. हे त्यांनी मुद्दाम केलं नसणार. कापूस समोर आला की त्यांचा हात आपोआप चालतो.  मारोतरावांचे कान लाल झाले होते.

सरकीचा आवाज काही आला नाही.

काकांनी थर्मामीटरकडे बघितलं, मग मारोतरावांकडे बघितलं. "कोरडा हाय," ते म्हणाले. "एक नंबर."

गारांच्या दिवशी पावसातून आणलेल्या कापसाला ओल नसेल तर कशाला असेल? काकांच्या तोंडून खोटी ग्रेड मी तेवढी एकच ऐकली.  मारोतरावांनी नाक शिंकरलं आणि दुसरं गाठोडं आणायला गेले.

सहा गाठोडी लागली. आम्ही टाकीभोवती खाटा आडव्या उभ्या केल्या आणि मधल्या जागेत कापूस ठासला. खाली कापूस, बाजूंना कापूस, वरच्या झाकणावर गादीएवढा थर. खोलीत सगळीकडे पांढरे पुंजके उडत होते. सगळे शिंकत होते. फक्त एका गोष्टीवरून अडलं. काकांनी पुढून वीतभर खिडकी ठेवायला लावली. ते समजण्यासारखं होतं. पण त्यांना अगदी तशीच खिडकी मागूनही पाहिजे होती.

"दोन खिडक्या काऊन?" मारोतरावांनी या वेळी थेट विचारलं. "गरमी जाईन ना तिथून."

"उजेड पाह्यजे," काका म्हणाले.

"मंग एक पुरे हाय."

"दोन पाह्यजे."

"ओलसा... अहो, ताकसांडे साहेब, समोरून उजेड येते ना!"

"दोन," काका म्हणाले. पुढच्या गाडीत हात घालताना ते असंच बोलत असणार. शेवटी दोन्ही खिडक्यांवर रजया सोडल्या आणि वाद मिटवला. चार वाजता काटा तेवीसवर होता. पाच वाजताही तेवीसवरच होता. सव्वापाचला लाइट आली, हीटरचा तांबडा दिवा लागला, आणि काका पंख्याचं बटण उगाच दोनदा दाबून बघून आले.

थंडी मात्र होतीच, म्हणून कापूस राहू दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठच्या थोडं आधी मी पोह्यांची ताटली घेऊन गेले. दार लोटलेलं होतं. मारोतराव माझ्यामागोमाग आले. आपल्या कापसाला पाणी तर लागलं नाही ना, हे बघायचं होतं म्हणाले. आम्ही दार ढकललं.

काका स्टुलावर बसले होते. इस्त्रीचा शर्ट, बाह्यांची बटणं लावलेली, भांग पाडलेला. दोन्ही खिडक्यांवरच्या रजया वर केल्या होत्या. भिंतीवरच्या कॅमेऱ्याजवळ उभं राहून पाहिलं की कापसाच्या भिंतीत चौकोन, चौकोनात निळं पाणी, पाण्यात नारिंगी मासे, आणि माशांच्या मागे, पलीकडच्या काचेला, काकांचा चेहरा दिसत होता. तो हलत नव्हता.

"बसा," चेहरा म्हणाला. "पाच मिन्टं. मधात नका येजा."

आम्ही भिंतीला टेकून उभे राहिलो. कॅमेऱ्याचा हिरवा दिवा लुकलुकत होता. मारोतरावांनी कॅमेऱ्याकडे बघितलं, मग खिडकीकडे, मग मागच्या खिडकीकडे. "पोरगी पाह्यते का?" त्यांनी हळूच विचारलं.

"तिची रात्र असते आता," काका ओठ फारसे न हलवता म्हणाले. "ड्युटीवून येते, झोपाच्या आंधी फोनमंदी टाकी पाह्यते. रोज. फोन रविवारी करते. रोज बोलाचं म्हटलं तं वेळ लागते, थकून रायते ते. अन्‌ म्या तरी रोज काय बोलू? पाह्याले काई लागत नाई." मधून एक मासा गेला, त्याला जाऊ दिलं. "सुरवातीले म्या टाकीमागून झाडत होतो एक दिवस. तं तिचा मेसेज आला, बाबा, आज तुमी दिसले. तवापासून बसतो."

  पाच वर्षं आम्ही ज्याला ध्यान म्हणत होतो, ते म्हणजे मुलीला दिसत राहावं म्हणून एका बापाचं न हलता बसणं होतं. मासे मेले असते तर तिला बघायला काही उरलं नसतं, आणि बघता बघता बाबा दिसले, असंही उरलं नसतं.

मारोतराव पुढे झाले. "खिडकी लहान झाली हे," ते म्हणाले आणि वाकून, कॅमेऱ्यात न येता, चौकोनाच्या कडेचा कापूस मुठीमुठीने उपसू लागले. काकांची हनुवटी दिसू लागली, मग कॉलर दिसू लागली.

काकांच्या खिशात फोन वाजला. पाच मिनिटं झाल्याशिवाय ते उठले नाहीत. मग बाहेर आले, फोन हातभर लांब धरून वाचायचा प्रयत्न केला आणि माझ्याकडे दिला. "वाचा मॅडम. मासोयांबद्दल काई म्हनते का?"

मी वाचलं. माशांबद्दल काही नव्हतं. कापसाच्या भिंतीबद्दलही नव्हतं. एवढंच होतं, की बाबा, तुमच्या केसांत डाव्या बाजूला कापूस अडकलाय.

काकांनी हात डोक्यापर्यंत नेला, आणि तसाच खाली घेतला. मग त्यांनी पोह्यांची ताटली उचलली आणि उभ्या उभ्या सगळे पोहे खाल्ले. ग्रेड दिली नाही.

दुपारी भाजीच्या दुकानावर मला काका दिसले. शर्ट तोच होता, भांग तोच होता, आणि डाव्या कानाच्या वर बोराएवढा कापसाचा पुंजका तसाच होता. दुकानदार त्यांच्याकडे बघून मला खुणावत होता. मी म्हटलं, "काका, कापूस राहिलाय केसांत."

"माईत हाय मॅडम," काका म्हणाले. "राहू द्या."